न कळवता दिलेल्या भेटी

तन्वी, ईशान,

तुमची आई परवा फोनवर हसत सांगत होती, की ईशान आजवर आपल्या आजीला डॉक्टर समजत होता. मी डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. इकडे आमच्या महिला मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई दोन वर्षं माझ्याकडे लेख मागताहेत. म्हटलं, एकदाच नीट लिहावं. तुम्हालाही कळेल आणि त्यांचंही समाधान होईल. तुमच्या आईनं वाचून दाखवावं. मला इंग्रजीत लिहिता आलं असतं, पण ज्या माणसांविषयी लिहायचं ती इंग्रजीत बोलत नव्हती.

माझे वडील रेल्वेत कारकून होते. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी तान्ही होते. त्या वेळी त्यांनी ठरवलं म्हणे, की मुली इंग्रजी शाळेत जातील. त्या इंग्रजीचा नोकरीत मला मोठा उपयोग हा, की औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी मला वाचता यायची. मी ती वेळेवर वाचली नाही. हा लेख त्याबद्दलच आहे.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी माझी बदली इथे झाली. मी मनोरुग्णांसाठीची समाजसेविका. काम समजावून सांगते. डॉक्टर आठवड्यातून एकदा नागपूरहून यायचे. एका रुग्णाला त्यांच्याकडे सात-आठ मिनिटं मिळत. उरलेला महिना तो माणूस कुठे झोपतो, काय खातो, गोळ्या कोण देतं, घरात त्याला कोण मारतं, हे बघून त्याच्या कार्डावर लिहिणं हे माझं काम. डॉक्टर कार्ड वाचायचे आणि औषध कमी-जास्त करायचे. म्हणजे औषध त्यांच्या सहीनं जायचं, पण पुष्कळदा माझ्या शब्दांवर जायचं. हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या टापटिपीला तुम्ही हसता. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या, टॉवेलांच्या सारख्या घड्या. ऑफिसातही मी तशीच होते. माझं रजिस्टर तपासणीला आलेले साहेब दुसऱ्या तालुक्यांना नमुना म्हणून दाखवायचे. आणि मला सगळ्यात जास्त अभिमान होता तो माझ्या अचानक भेटींचा.

अचानक भेट म्हणजे न कळवता घरी जाणं. कळवून गेलं की घरचे अंगण सारवून ठेवतात, पेशंटला नवा सदरा घालतात आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजून पुढे करतात. न कळवता गेलं की खरं दिसतं. आमगावकडच्या एका घरी मी अशीच गेले होते. सुनेच्या दोन महिन्यांच्या गोळ्या कोंबडीच्या खुराड्यात निघाल्या. सासू म्हणाली, "कोंबडी गुमसुम होती जी बाई, म्हणून तिले देऊन पाहिल्या." कोंबडी ठणठणीत होती. सून नव्हती. अशा दोन-चार अनुभवांनंतर माझी खात्री पटली, की सत्य पाहायचं तर दार न वाजवता जायचं.

आता श्रावणचं सांगते.

तिरोड्याजवळ, बोदलकसाच्या तलावाकाठी एक लहान गाव आहे. तिथे तो मोठा भाऊ देवाजी आणि वहिनी निर्मला यांच्याकडे राहायचा. घरचा धंदा मासेमारीचा, थोडं धानाचं शेत. श्रावण बत्तीस वर्षांचा, उंच, मान जरा वाकडी ठेवून चालणारा. जाळी विणायचा आणि फाटलेली सांधायचा. झिंग्यांचं, म्हणजे कोळंबीचं, जाळं फार बारीक विणीचं असतं, त्यात करंगळीचं टोकही जायला नको. ते विणणारा तलावाकाठच्या चार गावांत तो एकटाच होता. बोलायचा जवळजवळ नाही.

त्याची आई वारली आणि महिन्याभरात तो बिघडला. जेवेना, भिंतीवर डोकं आपटी, कुणी हात लावला की ओरडे. आरोग्य केंद्रातल्या शिबिरात त्याला चौघांनी धरून आणलं. त्या दिवशीची त्याची अवस्था पाहून कुणीही जे लिहिलं असतं तेच कार्डावर लिहिलं गेलं: तीव्र मनोविकार. महिन्याला एक इंजेक्शन सुरू झालं. आमच्या फॉर्मवर रकाना होता, 'आजार केव्हापासून?' देवाजी म्हणाला, "आई गेली तवापासून." मी तेच लिहिलं. आई जायच्या आधी तो कसा होता, याला रकाना नव्हता. मीही विचारलं नाही.

पुढची चार वर्षं मी त्याच्याकडे अचानक भेटी देत गेले. सरकारी जीप थेट अंगणात जायची. मी, नर्स आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरला हॉर्न वाजवायची सवय. मागच्या आंब्याखाली श्रावण जाळं घेऊन बसलेला असायचा. त्याला पुढे बोलवायचं, नर्सनं मनगट धरायचं आणि मी एकापाठोपाठ एक प्रश्न विचारायचे: झोप लागते का, भूक लागते का, कुणाची भीती वाटते का. तो हात हिसडायचा. एकदा त्यानं नर्सला ढकललं. एकदा पाण्याचा माठ फोडला. मग एका भेटीत तो पळाला आणि तलावात गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन उभा राहिला. मी लिहिलं, 'आत्महत्येच्या प्रयत्नाची शंका.' पुढच्या वेळी मागची नोंद उतरवताना 'शंका' हा शब्द घाईत गळाला. इंजेक्शन वाढलं, बरोबरच्या गोळ्याही वाढल्या.

मग एका श्रावण महिन्यात, धानाची रोवणी आटोपल्यावर, देवाजी आणि निर्मला तिरोड्याहून एसटीनं माझ्या ऑफिसात आले. देवाजीच्या हातात अर्ज होता. श्रावणला मनोरुग्णालयात कायमचं ठेवायचं होतं.

"आता आमच्यानं होत नाई जी मॅडम," देवाजी म्हणाला. "घरी लेकरू रांगून राहिलं. उद्या यानं काही केलं तर मी कोणाले तोंड दाखवू? आन् आता कामाचाही नाई राहिला. हात असे असे करते." त्यानं स्वतःचा पंजा हवेत थरथरवून दाखवला. "जाळं धरता येत नाई त्याले. दिवसभर नुसता बसून राहते."

अर्जाबरोबर माझा सामाजिक अहवाल लागणार होता. तो मी 'घरी ठेवणं धोक्याचं' असा लिहिला, की पुढचं सगळं सरळ होतं. तिकडे गेलेला माणूस क्वचितच घरी परत येतो. उपचार तिथे होतात, पण घरचे पुन्हा न्यायला येत नाहीत. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी पेन उघडलं. विचारलं, "आठवड्यातून किती वेळा बिघडतो?"

देवाजी निर्मलाकडे पाहू लागला. ती मूल मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "आठवड्यातून कायचं? तुमी येता त्याच दिवशी बिघडते तो."

"काय बोलून राहिली तू!" देवाजी तिच्यावर खेकसला. "मॅडम आपल्यासाठी इतक्या दूर येतात."

"येतात ना. मी कोठं नाई म्हणतो? पण तुमची गाडी गेली का दोन दिवस आमी भोगतो. मंग तो पहिल्यासारखा होते. तुमी कायले येता तसे, पोलिसावानी?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं नोकरी झाली होती, आणि ही चौथी शिकलेली पोरगी मला काम शिकवत होती. मी त्यांना चहा पाजला, अहवाल पुढच्या आठवड्यात देते म्हटलं आणि वाटेला लावलं.

अहवालासाठी मी माझं रजिस्टर काढलं, आणि त्या गावच्या आरोग्य स्वयंसेविकेची, आशाताईची, वहीही मागवून घेतली. ती श्रावणच्या घरापासून दोन घरं सोडून राहायची आणि दर आठवड्याला त्याची एक ओळ लिहायची. त्या वहीवरून मी तिला एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं, कारण पानामागून पान तिनं एकच शब्द लिहिला होता: ठीक. ठीक. ठीक. कामचुकारपणा म्हणून मी तो शब्द लाल शाईनं घेरला होता.

दोन्ही वह्या शेजारी ठेवून मी तारखा जुळवल्या. माझ्या रजिस्टरात श्रावण हिंसक होता, पळाला होता, आत्महत्येला निघाला होता. आणि ती प्रत्येक तारीख माझ्या भेटीची होती. मधल्या सगळ्या आठवड्यांत तो ठीक होता. मी न पाहिलेला श्रावण ठीक होता. मी मोठ्या कष्टानं खरं पाहायला जात होते, आणि माझ्या जाण्यानं जे घडायचं ते त्याचा आजार म्हणून लिहून आणत होते.

त्याच दुपारी मी औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी उघडून वाचली. हाताला कंप सुटतो, हे तिथे दुसऱ्याच परिच्छेदात होतं.

दुसऱ्या दिवशी देवाजीला मी निरोप पाठवून परत बोलावलं आणि तो रकान्यात न बसणारा प्रश्न विचारला. लहानपणी कसा होता?

"तसाच होता जी," तो म्हणाला, जणू हे मी कधी विचारलं नाही यात त्याची काय चूक. "बोलला सहाव्या वर्षी. लग्नात नेलं का मांडवाच्या बाहेर बसे. भाजी भाताले लागली का जेवत नसे. आईले त्याचं सगळं समजे. कोणी घरी येणार असलं का ती त्याले आदल्या दिवशीच सांगे, 'उद्या मामा येते, दुपारी येते, जेवून जाते.' मंग तो बरोबर राहे."

आमच्या कपाटात लहान मुलांच्या स्वमग्नतेवरची दोन इंग्रजी पुस्तकं होती. ज्यांच्या मनाला गजबज, स्पर्श, अचानक बदल हे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतात, ज्यांचं बोलणं-वागणं जन्मापासूनच वेगळ्या वळणाचं असतं, अशी माणसं. हा रोग नव्हे, घडण आहे. त्या पुस्तकांत सगळी मुलं आठ-दहा वर्षांचीच होती. ती पुढे मोठी होतात, त्यांच्या आया मरतात, याबद्दल तिथे काही नव्हतं. आमच्या खात्यातही नव्हतं. त्यामुळे असा माणूस मोठेपणी आमच्यासमोर आला, की आम्ही त्याला आमच्याकडे तयार असलेल्या नावांपैकी एक देऊन टाकायचो.

डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं. सावध माणूस होता. म्हणाले, "बाई, छत्तिसाव्या वर्षी स्वमग्नता असं कार्डावर मी कशाच्या आधारे लिहू?"

मी दोन्ही वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. बाहेर रांग खोळंबली होती, तरी त्यांनी बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "इंजेक्शन एकदम बंद नाही करणार. हळूहळू उतरवू. पण या जुन्या नोंदींचं काय? उद्या काही झालं तर सगळे त्याच पुढे करतील."

"त्या चुकीच्या आहेत असं मी लिहून देते."

"तुमच्या सहीनं?"

"माझ्याच हातच्या आहेत."

मी एक पान लिहिलं. माझ्या सगळ्या नोंदी माझ्या न कळवता जाण्यानं घडलेल्या प्रसंगांच्या आहेत, रुग्णाच्या नेहमीच्या वागण्याच्या नाहीत. नमुना म्हणून मिरवलेल्या रजिस्टरात ते पान डकवताना मला बरं वाटलं नाही.

देवाजीनं मुदत दिली, धान कापून होईपर्यंत. "मंग मी ऐकणार नाई," तो म्हणाला.

आता मी जायची पद्धत बदलली. दर मंगळवारी, अकरा वाजता. एसटीनं, एकटी. आदल्या संध्याकाळी आशाताई श्रावणला सांगायची, "उद्या बाई येते, अकराले येते, थोडा वेळ बसते, जाते." मी आंब्यापासून लांब बसायचे आणि तीनच प्रश्न विचारायचे, तेही दर वेळी तेच. पहिल्या मंगळवारी तो घरामागे गेला, पण पळाला नाही. तिसऱ्या मंगळवारी जागचा उठला नाही. सहाव्या मंगळवारी मी विचारलं, "काही त्रास आहे का?" तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हात."

"हाताला काय होतं?"

"गाठ सुटते."

चार वर्षांत त्यानं केलेली ही पहिली तक्रार. इतकी वर्षं आम्ही त्याला भीती विचारत होतो, झोप विचारत होतो. हात कुणी विचारलाच नव्हता.

औषध निम्म्यावर आलं आणि नवरात्रात दुर्गा बसली. शेजारच्या गल्लीत मंडप, मंडपावर भोंगे. दुपारी दोनच्या सुमाराला ऑफिसात देवाजीचा फोन आला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, तो पाण्यात गेला! गळ्यापर्यंत! सारा गाव काठावर जमा झाला. आता गाडी पाठवा, आजच घेऊन जा त्याले."

जीप दारात उभी होती. तिरोडा तासाभराचा रस्ता. मी उठलेसुद्धा. मग थांबले. तो दिवस मंगळवार नव्हता, आणि मी जाऊन काय होतं हे माझ्या रजिस्टरात लिहिलेलं होतं.

"निर्मलाला फोन द्या," मी म्हटलं. "निर्मला, याआधी तो पाण्यात जायचा तेव्हा परत कसा यायचा?"

"आपणच येते ना जी. आवाज बंद झाला का येते."

"मग भोंगे बंद करायला सांग. मंडळाच्या पोरांनी ऐकलं नाही तर माझं नाव सांग. काठावरची माणसं हटव. देवाजी डोंगा घेऊन पाण्यात राहू दे, पण लांब. त्याच्याजवळ जायचं नाही, हाका मारायच्या नाहीत."

"तुमी येऊन नाई राहिल्या?"

"नाही."

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसले. श्रावण बुडाला असता, तर समोर जीप उभी असताना मी गेले नाही, हे मला आयुष्यभर पुरलं असतं. शिपायानं चहा आणून ठेवला, तो निवला. एवढं अवघड काम मी नोकरीत दुसरं केलं नाही, आणि ते होतं फक्त बसून राहण्याचं.

दीड तासानं फोन वाजला. निर्मला होती. "आला जी. धोतर बदललं. आता भात खाऊन राहिला."

धान कापून झालं. देवाजी ऑफिसात आला तेव्हा मी अर्ज त्याच्यापुढे केला. त्यानं तो घेतला नाही. "राहू द्या तुमच्याजवळ," म्हणाला. "लागला तर मागीन." त्यानं कधी मागितला नाही.

त्यानंतर आमच्या शिबिरांतही मी थोडे बदल केले. मोठे नव्हते, पत्र्याच्या शेडमध्ये मोठं काय करणार? ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांना सकाळी पहिला नंबर, मागच्या दारानं. आदल्या दिवशी निरोप. दर वेळी तोच माणूस, तीच खुर्ची. हात लावायच्या आधी सांगायचं. आणि फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक प्रश्न मी हातानं लिहायचे, 'लहानपणी कसा होता? कशी होती?' त्या एका प्रश्नानं पुढच्या वर्षांत आणखी सात-आठ जण सापडले. गोंदियातल्या एका व्यापाऱ्याची म्हातारी आई तिशीतल्या धाकट्या मुलाला घेऊन आली होती. मी प्रश्न विचारला तशी कपाळाला हात लावून म्हणाली, "बेटी, यही तो मैं दस साल से सबको बता रही हूँ. मेरा लड़का पागल नहीं है, अपने हिसाब का है. किसी ने बचपन पूछा ही नहीं." तिच्या मुलाला आमच्याकडच्या औषधाची गरज नव्हती. पंखा बंद केलेली खोली आणि एक ठरलेलं काम, एवढं त्याला पुरलं.

काहींपर्यंत आम्ही पोचलोच नाही. काही कार्डांवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'गाव सोडून गेला.' त्यांचं लहानपण मी विचारलं नव्हतं.

श्रावणचं इंजेक्शन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पूर्ण बंद झालं. हाताचा कंप कमी झाला, पण सगळा गेला नाही. मोठ्या माशांची जाळी तो पुन्हा विणू लागला, मच्छीमार संस्थेचं कामही परत मिळालं. झिंग्यांचं बारीक जाळं मात्र त्याला कधी जमलं नाही. तलावाकाठची माणसं आता ते बाजारातून नायलॉनचं आणतात.

निवृत्तीच्या आधी मी माझ्या जागी येणाऱ्या मुलीला तीन मंगळवार बरोबर नेलं, म्हणजे तिचं येणं अचानक व्हायला नको. तिसऱ्या मंगळवारी प्रश्न विचारून झाल्यावर मी म्हटलं, "श्रावण, मी चार वर्षं न सांगता येत होते. त्यानं तुला त्रास झाला. औषध वाढलं, त्यानं तुझा हात गेला. ती माझी चूक होती."

आपल्याकडे अशा वेळी कुणी ना कुणी म्हणतंच, राहू द्या हो बाई, झालं ते झालं. मी मनातल्या मनात त्याची वाट पाहत होते, हे आज कबूल करते. निर्मलाचं तोंड तसं म्हणायला उघडलंही होतं.

श्रावणनं गाठ आवळली, ओढून पाहिली.

"हो," तो म्हणाला, आणि पुढची गाठ घ्यायला लागला.